दोन आठवड्यांपूर्वी ‘पास’ झालेल्या विमानाचा पंख हवेत का तुटला? छोट्या विमानाच्या वार्षिक तपासणीत काय सापडतं आणि काय निसटतं

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. सगळ्यात जवळचा शेजारच्या नांदेडला. निवडणुका आल्या की नेत्यांची हेलिकॉप्टरं उतरतात, पोरंटोरं मोबाईल घेऊन धूळ खात उभी राहतात, आणि मग पुढच्या निवडणुकीपर्यंत आभाळ रिकामं. पण औंढा, वसमत, सेनगाव किंवा कळमनुरीच्या एखाद्या घरातलं पोरगं ‘मला पायलट व्हायचंय’ म्हणालं, तर त्याला बोइंगमध्ये कुणी बसवत नाही. महाराष्ट्रात शिकायचं म्हटलं की बारामती, धुळे, गोंदिया अशी नावं पुढे येतात. तिथे त्याची गाठ पडते एका पंख्याच्या, दोन किंवा चार माणसं बसतील एवढ्या छोट्या विमानाशी. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले बहुतेक तास याच छोट्या विमानात जातात.

घरच्यांनी कर्ज काढून किंवा जमिनीचा तुकडा विकून पोराला ज्या विमानात बसवलं, ते विमान आतून धड आहे की नाही, हे कोण बघतं? कधी बघतं? आणि बघितल्यावर भलतंच काही सापडलं, तर पुढे काय होतं?

पासिंग नव्हे, पोस्टमॉर्टेम

एमएच ३८ पाटीचा टेम्पो असेल तर तो ठरावीक काळाने आरटीओत पासिंगला न्यावा लागतो. दिवे लागतात का, ब्रेक धरतो का, धूर किती सोडतो, हे बघून शिक्का मिळतो. इंजिन खोलून कुणी बघत नाही.

विमानाचं उलट असतं. वार्षिक तपासणीसाठी विमान हँगरमध्ये आलं की पहिला दिवस खोलण्यातच जातो. इंजिनावरचं कव्हर उतरतं. पंखाच्या पोटाला, शेपटीला जागोजागी छोटी गोल-चौकोनी झाकणं असतात, ती सगळी निघतात. आतल्या सीट बाहेर येतात, पायाखालचे गालिचे आणि फळ्या निघतात. थोड्याच वेळात विमान लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या मांडवासारखं दिसायला लागतं.

मग टॉर्च आणि आरसा घेऊन माणूस आत डोकावतो. दंतवैद्य वापरतात तसाच आरसा, फक्त दांडा लांब. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घालून व्हॉल्व्हचं तोंड आणि आतली भिंत बघितली जाते. प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडतात आणि त्यातली किती टिकते ते मोजतात. दुसरा काटा ७४ दाखवत असेल तर ठीक. तो फार खाली गेला, तर मेकॅनिक कान लावून ऐकतो. सायलेन्सरच्या बाजूने सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. तेलाच्या टाकीच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मशिनं कितीही आली तरी ही कान लावायची पद्धत अजून टिकून आहे.

तेल बदलताना जुना फिल्टर फेकून देत नाहीत. तो कापतात, आतला घड्या घातलेला कागद उलगडतात आणि उजेडात धरून बघतात. त्यात धातूचे चमकणारे कण दिसले तर इंजिन आतून स्वतःलाच खातंय. कण लोहचुंबकाला चिकटले तर ते पोलादी भागाचे, नाही चिकटले तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगच्या धातूचे. एवढ्यावरून कुठे शोधायचं याची दिशा मिळते.

अमेरिकेत छोट्या विमानाची अशी तपासणी दर १२ महिन्यांनी बंधनकारक आहे. विमान शिकवणीसाठी किंवा भाड्याने वापरलं जात असेल तर शिवाय दर १०० तासांनी. भारतात हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, मंजूर केलेल्या देखभाल कार्यक्रमानुसार चालतं. त्याशिवाय विमान उडण्यायोग्य आहे याचा आढावा घेऊन जे प्रमाणपत्र मिळतं त्याची मुदत एक वर्ष असते. त्या वेळी कागद तपासतात आणि विमानही प्रत्यक्ष बघतात.

आता एवढं सगळं बघितल्यावर काही निसटेल असं वाटत नाही. पण निसटतं.

४ एप्रिल २०१८, डेटोना बीच

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात डेटोना बीचला एम्ब्री-रिडल नावाचं विद्यापीठ आहे. विमानविद्येच्या जगात हे मोठं नाव. ४ एप्रिल २०१८ च्या सकाळी त्यांचा एक विद्यार्थी व्यावसायिक लायसन्सची प्रात्यक्षिक परीक्षा देत होता. शेजारी परीक्षक बसले होते. विमान होतं पायपर कंपनीचं ॲरो, २००७ सालचं. म्हणजे विमानांच्या हिशेबात अगदी तरुण, कारण जगभरात चाळीस-पन्नास वर्षांची छोटी विमानं सर्रास उडतात.

धावपट्टीला चाकं टेकवून विमान पुन्हा वर निघालं. हजार फुटांच्याही खाली असताना त्याचा डावा पंख मुळापासून तुटून वेगळा झाला. दोघंही वाचले नाहीत.

हवामान चांगलं होतं. विमान कुठल्या कसरती करत नव्हतं. आणि या विमानाची वार्षिक तपासणी जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी पूर्ण झाली होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, पंखाचा तुटलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. प्रत्येक पंखात एक मुख्य आडवा कणा असतो, त्याला स्पार म्हणतात. विमानाचं वजन उडताना यावरच तोललेलं असतं. या कण्याच्या खालच्या पट्टीत, पंख धडाला जिथे बोल्टने जोडतात तिथे, धातूच्या थकव्यामुळे तडा पडला होता. थोडाथोडका नाही. तुटलेल्या पट्टीच्या ८० टक्क्यांहून जास्त भागावर जुन्या, हळूहळू वाढत गेलेल्या तड्याच्या खुणा होत्या. म्हणजे त्या सकाळी विमान वर चढलं तेव्हा पंख धरून ठेवायला पट्टीचा एक छोटा हिस्साच शिल्लक होता. उजव्या पंखात त्याच जागी बघितलं, तर तिथेही बारीक तडा सुरू झालेला.

मग विद्यापीठाच्या ताफ्यातली तशीच इतर विमानं तपासली. त्यातल्या आणखी एका विमानात तसाच तडा निघाला. तेही विमान नियमाने उडत होतं, नियमाने तपासलं जात होतं आणि कागदावर ठणठणीत होतं.

धातू थकतो म्हणजे काय?

सायकलच्या चाकाची तार किंवा डब्याच्या झाकणाची कडी हाताने इकडे-तिकडे वाकवत राहिलं की पंधराव्या-विसाव्या खेपेला ती तुटते. एकदा वाकवून तुटत नाही. ताकदही फार लागत नाही. दर वेळी आत बारीक काही तरी मोडतं आणि ते साठत जातं. धातूचा थकवा तो हाच.

पोलादाची एक बरी गोष्ट आहे. एका मर्यादेच्या खालचा ताण त्याला कितीही वेळा दिला तरी ते सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी खालची हद्द नाही. छोटा ताणसुद्धा खात्यावर जमा होतो. आणि विमानं ॲल्युमिनियमची असतात.

म्हणून विमान किती वर्षांचं आहे यापेक्षा ते कसं वापरलं हे महत्त्वाचं. डेटोनाच्या विमानाचे उड्डाणाचे तास होते सुमारे ७,६९०. पण चाकं जमिनीला टेकली होती ३३ हजारांहून जास्त वेळा. म्हणजे सरासरी तासाला चारपेक्षा जास्त लँडिंग. शिकवणीचं विमान असंच जगतं. उतरा, पुन्हा उडा, पुन्हा उतरा. शिकाऊ पोरं दर वेळी अलगद उतरवतील अशी अपेक्षा कुणीच करत नाही. बरंचसं उड्डाण जमिनीलगत, जिथे उन्हाने तापलेली हवा विमानाला खालून धक्के देत असते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात दुपारी रस्त्यावर जी हवा थरथरताना दिसते, तीच वर विमानाला धक्के मारते.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने नंतर याचा एक हिशेबच मांडला. तपासणी कुणाची करायची हे ठरवताना त्यांनी शिकवणीत किंवा भाड्याने उडालेले तास जसेच्या तसे धरले. खासगी मालकाने उडवलेले तास मात्र १७ ने भागले. म्हणजे मालकाने हौसेने १,७०० तास उडवलेलं विमान या हिशेबात फक्त १०० तासांचं. शिकवणीत १,७०० तास उडालेलं विमान पूर्ण १,७०० तासांचं. सेकंड हँड विमान विकत घेणारा तासांचा आकडा बघून भाव करत असेल, तर त्याने हा भागाकार आधी करावा.

मग तपासणाऱ्याला दिसलं का नाही?

कारण दिसण्यासारखं नव्हतं. पंख जोडणारे बोल्ट घट्ट बसलेले, कण्याच्या पट्टीवर पत्रा आणि इतर भाग आलेले. तडा सुरू होतो तो बोल्टच्या छिद्राजवळ. टॉर्च, आरसा, भिंग सगळं घेऊन बसलं तरी नजर तिथवर पोचत नाही. वार्षिक तपासणीच्या यादीत त्या जागी बोल्ट काढून आत बघा असं तेव्हा लिहिलेलंच नव्हतं. मेकॅनिकने कामचुकारपणा केला असता तर गोष्ट सोपी होती. इथे यादीप्रमाणे काम करूनही तडा राहणारच होता.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. ३० मार्च १९८७ ला टेक्सासमधल्या मार्लिन गावाजवळ पायपरच्याच दुसऱ्या एका मॉडेलचा पंख असाच तुटला होता. ते विमान जमिनीलगत उडून तेलवाहिनीवर नजर ठेवायच्या कामाला होतं. तासही साधारण तेवढेच, साडेसात हजारांच्या आसपास. त्या वेळी सरकारने आदेश काढला की पंख उतरवा आणि कणा तपासा. शेकडो विमानं तपासली गेली. तडे निघाले फार थोड्या विमानांत. एवढा खटाटोप कशाला, शिवाय पंख उतरवताना-चढवतानाच नवीन इजा व्हायची भीती, असा विचार पुढे आला आणि तो आदेश मागे घेतला गेला.

त्या वेळच्या आकड्यांकडे बघितलं तर निर्णय अगदीच वेडगळ वाटत नाही. पण ३१ वर्षांनी डेटोनाला तीच जागा तुटली.

डेटोनानंतर जो आदेश निघाला तो २०२१ च्या सुरुवातीला लागू झाला. वरच्या हिशेबाने ५,००० तास झालेल्या ठरावीक पायपर विमानांचे कण्याचे खालचे बोल्ट काढायचे आणि छिद्रात ‘एडी करंट’ तपासणी करायची. यात पेनाएवढी एक सळई छिद्रात फिरवतात. तिच्यातल्या तारेच्या वेटोळ्यात उलटसुलट वीज वाहत असते, तिच्यामुळे आजूबाजूच्या धातूतही विजेचे भोवरे तयार होतात. धातू सलग असेल तर भोवरा नीट फिरतो. वाटेत केसाएवढा तडा आला तरी तो अडखळतो आणि पडद्यावरची रेघ उडी मारते. डोळ्याला न दिसणारा तडा असा पकडता येतो. पंख उतरवायची गरज नाही, म्हणजे १९८७ चा आक्षेपही राहिला नाही.

फोमखालचा गंज

तडा पडायला प्रत्येक वेळी हजारो लँडिंगच लागतात असं नाही. कधी सुरुवात गंजापासून होते.

२६ मे २०१९ ला ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ सेस्ना २१० जातीच्या विमानाचा पंख हवेत तुटला. विमान जमिनीलगत उडून भूगर्भाचं सर्वेक्षण करत होतं. दोन माणसं गेली. या विमानात दोन्ही पंखांना जोडणारा एक आडवा कणा छतातून जातो. त्याच्यावर गंजाने एक बारीक खड्डा पडला होता आणि तडा त्या खड्ड्यातून सुरू झाला होता.

पुढे जगभरच्या मालकांना हा कणा तपासायला सांगितलं. त्यासाठी केबिनच्या छताचं अस्तर काढावं लागतं. ते काढल्यावर बऱ्याच विमानांत कण्याला चिकटवलेला फोम निघाला. आवाज आणि उष्णता कमी व्हावी म्हणून लावलेला. फोम ओल धरून ठेवतो. वर्षानुवर्षं ओला पोतेरा धातूला चिकटवून ठेवावा तसं झालं होतं. फोम खरवडला की खाली गंज. पंख तुटलेलं विमान मीडियात आलं. पण फोम खरवडताना ज्यांना गंज सापडला, त्यांची विमानं हँगरमध्येच थांबली आणि त्यांची बातमी झाली नाही.

ॲल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो, हेही सांगायला हवं. तो पांढरट भुकटीसारखा असतो. कधी वरचा रंग फोडासारखा फुगतो आणि नखाने टोकरलं की खालून भुसा पडतो. सगळ्यात वाईट प्रकारात धातूचे पापुद्रे सुटतात, बिघडलेल्या प्लायवूडसारखे. मुंबईत जुहूसारख्या समुद्राकाठच्या विमानतळावर खारी हवा असते, तिथे हा त्रास जास्त. आतल्या कोरड्या भागात कमी, पण पावसाळ्यात हँगरमध्ये महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या विमानाला मराठवाड्यातही सूट नाही.

उंदीर, साळुंक्या आणि न वापरलेलं इंजिन

सगळंच इतकं गंभीर नसतं. काही शोध ऐकायला गमतीचे असतात, बिल येईपर्यंत.

उभ्या विमानात उंदीर घर करतात. पंखाच्या आत उबदार, अंधारं आणि मांजरापासून सुरक्षित. ते तारा कुरतडतात हे कळतं, पण खरं नुकसान त्यांच्या मुताने होतं. ते ॲल्युमिनियम खातं. घरटं काढलं तरी खालचा पत्रा सडलेला असतो. साळुंक्या आणि चिमण्यांना इंजिनाच्या कव्हरमधली जागा आवडते. काड्या-गवताचं घरटं गरम सिलिंडरवर राहिलं तर आग लागू शकते. उड्डाणाआधी इंजिनाच्या तोंडात डोकावून बघायला शिकवतात ते उगाच नाही.

कमी वापरलेलं विमान म्हणजे चांगलं विमान, हाही एक गैरसमज. गावाकडे वर्षभर शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरचं काय होतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. छोट्या विमानांत लायकॉमिंग कंपनीची इंजिनं फार चालतात. त्यांतल्या बहुतेकांत कॅमशाफ्ट इंजिनाच्या वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद राहिलं की तेल ओघळून खाली जातं, वरचा भाग उघडा पडतो आणि ओलसर हवेने त्यावर गंजाचे ठिपके येतात. पुढे इंजिन सुरू केलं की ते ठिपके कानशीसारखं काम करतात आणि मग कापलेल्या फिल्टरमध्ये चमचम दिसते. आठवड्याला पाच मिनिटं जागेवर इंजिन फिरवून ठेवू, हा उपाय तर उलटा पडतो. तेल नीट तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही, उलट नवीन पाणी तयार होतं.

शिकवणीच्या विमानात ओळखीचा शोध म्हणजे पुढच्या चाकामागचा सुरकुतलेला पत्रा. सेस्ना १७२ सारख्या विमानात पुढचं चाक इंजिन आणि केबिनच्या मधल्या पोलादी भिंतीजवळ जोडलेलं असतं. विमान पुढच्या चाकावर आपटलं की ही भिंत चुरगळते. बाहेरून रंग व्यवस्थित, कव्हर काढलं की आत घडी. कधी आपटलं, कुणाच्या हातून आपटलं, नोंदवहीत काही नाही.

रिव्हेटमागे काळी रेघ दिसली तर त्याला मेकॅनिक लोक ‘धूर सोडणारा रिव्हेट’ म्हणतात. धूर वगैरे काही नसतो. रिव्हेट सैल होऊन पत्र्यात घासत असतो, त्याची बारीक काळी पूड वाऱ्याने मागे ओढली जाते. पुसून टाकली की विमान स्वच्छ दिसतं, आणि तीच अडचण आहे. विकायच्या आधी घासूनपुसून चकाचक केलेलं विमान तपासणाऱ्याला नको असतं. त्याला धूळ-तेलाचे डाग जसेच्या तसे हवे असतात.

एक्झॉस्टचा तडा मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. अनेक छोट्या विमानांत केबिन गरम ठेवण्यासाठी तापलेल्या एक्झॉस्टभोवतीची हवा आत घेतात. नळीला तडा गेला तर त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो. वास नाही, रंग नाही. अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला २१ जानेवारी २०१९ च्या रात्री ज्या एका इंजिनाच्या पायपर मालिबू विमानातून निघाला होता ते इंग्लिश खाडीत कोसळलं. त्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ५८ टक्के निघालं. ब्रिटिश तपास यंत्रणेच्या मते वैमानिकावरही या वायूचा परिणाम झालेला असण्याची शक्यता होती. हा वायू ओळखणारी छोटी पट्टी किंवा यंत्र केबिनमध्ये लावता येतं. विमानाच्या इतर कुठल्याही भागाच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य आहे.

सापडलं, आता पुढे काय?

नुकसान सापडल्याक्षणी ते नोंदवहीत जातं आणि विमान जमिनीवर थांबतं. भारतात देखभालीनंतर विमान उडायला सोडायची सही लायसन्सधारक विमान देखभाल अभियंत्याची असते. पिस्टन इंजिनाच्या विमानासाठी या लायसन्सचा वर्ग असतो बी १.२. वैमानिकाने, मालकाने किंवा संस्थेच्या संचालकाने कितीही घाई केली तरी ती सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. कागदावर तरी अधिकार असा स्पष्ट आहे. प्रत्यक्षात महिन्याचं वेळापत्रक कोलमडलेलं, दहा विद्यार्थी रांगेत आणि अभियंता म्हणतोय ‘अजून एक झाकण उघडून बघू’, हे सांगणं सोपं नसतं. या धंद्यात सगळ्यात जास्त दबाव त्या एका सहीवर येतो.

पुढचं काम विमान बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकाने चालतं. गंज किती खोल गेला, पत्र्याची मूळ जाडी किती आणि त्यातली किती घासून कमी केली तर चालेल, याचे आकडे त्यात दिलेले असतात. मर्यादेत असेल तर गंज घासून, रसायन लावून, पुन्हा रंग देतात. कमी महत्त्वाच्या पत्र्यावर छोटा तडा असेल तर त्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो पुढे सरकू नये अशी सोय करता येते, पण पुस्तकात परवानगी असेल तरच. पंखाच्या कण्याला असलं ठिगळ चालत नाही. तो भाग बदलायचा. पुस्तकात उत्तर नसेल तर फोटो आणि मापं काढून कंपनीला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

थांबणं हाच खरा खर्च. छोट्या विमानांचे बहुतेक सुटे भाग परदेशातून येतात. मागणी, डॉलरचा भाव, कस्टम्स, त्या भागाबरोबर येणारं प्रमाणपत्र. प्रमाणपत्राशिवाय आलेला बोल्ट कितीही चांगला असला तरी तो विमानाला लावता येत नाही. दोन दिवसांचं काम दोन महिन्यांवर जातं ते यामुळे. हिंगोलीहून येऊन खोली भाड्याने घेऊन राहिलेल्या विद्यार्थ्याचं घरभाडं आणि मेस त्या दोन महिन्यांतही चालूच राहते, तास मात्र तेवढेच राहतात. प्रवेश घेताना संस्थेची विमानं किती, हा प्रश्न सगळे विचारतात. त्यातली आज उडण्यायोग्य किती आणि देखभाल संस्था स्वतःची की बाहेरची, हे विचारणारे थोडे.

कधी नुकसान अशा ठिकाणी सापडतं की तिथे दुरुस्तीची सोयच नसते. अशा वेळी डीजीसीएची खास परवानगी घेऊन ते विमान फक्त दुरुस्तीच्या जागेपर्यंत नेता येतं. त्यासाठीही ते तेवढं अंतर सुरक्षित जाईल असं अभियंत्याला म्हणता आलं पाहिजे. पंखाच्या कण्यात तडा असेल तर असं कुणी म्हणणार नाही. मग पंख उतरवून ट्रकवर घालून न्यायचं. हायवेवर विमानाचं धड नेणारा ट्रक दिसला की लोक व्हिडिओ काढतात. त्यामागची गोष्ट बऱ्याचदा ही असते.

जी विमानं सापडली नाहीत

विमानाच्या तपासणीत अनपेक्षित काही सापडणं हे अपयश मानलं जात नाही. दर वेळी सापडलेली गोष्ट कंपनीला आणि सरकारी यंत्रणेला कळवली जाते. दहा ठिकाणांहून तोच तडा कळला की जगभर आदेश निघतो आणि पुढच्या वर्षीच्या यादीत एक ओळ वाढते. सेस्नाच्या सीट ज्या रुळांवर मागेपुढे सरकतात, त्या रुळांची भोकं किती झिजलीत हे मोजायची ओळ अशीच आली. उड्डाण घेताना सीट अचानक मागे घसरायची, वैमानिक आधारासाठी हातातलं कंट्रोल धरून मागे ओढायचा आणि विमान नाक वर करून कोसळायचं. आज ते भोक मोजायला दोन मिनिटं लागतात.

पण यादीत ओळ यायला कुणीतरी कळवावं लागतं, आणि सुरुवात बहुतेक वेळा वैमानिकापासून होते. विमान जोरात आपटलं तर पुढच्या उड्डाणाआधी वेगळी तपासणी करायची असते. त्यासाठी चाकांचे खांब, ते जिथे बसतात तो पंखाचा भाग, पुढची भिंत, इंजिनाचे आधार, सगळं बघतात. ही तपासणी नोंद झाली तरच होते. एकटा उडालेला विद्यार्थी उतरल्यावर गप्प राहिला, गाडी लावल्यासारखं विमान लावून निघून गेला, तर अर्ध्या तासाने त्याच सीटवर दुसरा बसतो. चुरगळलेली भिंत तेव्हा कव्हरच्या आत असते आणि वार्षिक तपासणीला अजून सात महिने असतात.